अल्प खर्चाचे देशाटन आणि गोमंतकातील बौद्ध लेणी

देशाटनाने मनुष्य शहाणा होतो, असे आपल्याकडे पूर्वापार मानले जाते. परंतु देशाटनास भरपूर पैसा लागतो, आणि तो ज्याच्यापाशी नसेल त्याने घरी बसावे, ही समजूत अलीकडची आहे. आमच्या मते ती खोटी तर आहेच, शिवाय विद्यार्थ्यांच्या दृष्टीने घातकही आहे.

शाळाशाळांतून दरवर्षी सहली निघतात. सहलीची सूचना फळ्यावर लागली की वर्गात आनंदाची एक लाट उसळते. पण त्याच वेळी मागच्या बाकावरचा एखादा विद्यार्थी गप्प होतो. कुणी म्हणतो, मला बस लागते. कुणी म्हणतो, त्या दिवशी घरी कार्य आहे. कुणाची आजी ऐन वेळी आजारी पडते. खरे कारण एकच असते, ते म्हणजे सहलीची वर्गणी. ते कारण तो सांगत नाही आणि आपणही विचारीत नाही. सहल जाते, परत येते, छायाचित्रे निघतात. त्या छायाचित्रांत तो नसतो. आणि एवढा खर्च करून आपण जातो कोठे? पाण्याच्या खेळांच्या बागेत, नाही तर मोठ्या शहरातल्या दुकानांच्या झगमगाटात. मौज वाईट असे आमचे म्हणणे नाही. पण मौजेसाठी काही जणांस मागे ठेवावे लागत असेल, तर त्या मौजेचा पुनर्विचार झाला पाहिजे.

असा पुनर्विचार आपल्या देशात सव्वादोन हजार वर्षांपूर्वी एका राजाने केला होता. मुंबईजवळच्या सोपारा येथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सम्राट अशोकाच्या लेखाचा एक तुकडा सापडला. तो अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा आहे. त्या लेखाचा आशय मोठा उद्बोधक आहे. पूर्वीचे राजे विहारयात्रेस निघत. म्हणजे शिकार करीत, करमणूक करीत. अशोकाने राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर बुद्धाला जेथे बोध झाला त्या स्थानाची यात्रा केली, आणि तेव्हापासून विहारयात्रेच्या जागी धर्मयात्रा सुरू झाली. या यात्रेत ब्राह्मण आणि श्रमण यांची भेट घ्यावयाची, वृद्धांची विचारपूस करावयाची, खेड्यापाड्यांतील लोकांना भेटावयाचे. राजाला पैशाची वाण नव्हती. तरीही त्याला वाटले की प्रवासाचे मोल खर्चावर नसून हेतूवर असते. हा लेख अन्यत्र कोठे दूर नव्हे, तर आपल्या कोकणकिनाऱ्यावर कोरला गेला होता, हे आम्हांला विशेष महत्त्वाचे वाटते.

आमचे मोरजी गाव समुद्रकाठी वसलेले. हिवाळ्यात येथे देशोदेशीचे प्रवासी येतात. ते सारेच काही धनिक नसतात. पाठीवर एक पिशवी, पायांत साध्या वहाणा, बसने किंवा पायी हिंडायचे, मिळेल ते खायचे, असे करीत महिनोन् महिने हा देश पाहणारे तरुण त्यांत पुष्कळ असतात. गया पाहून आलेले, सारनाथ पाहून आलेले, अजिंठ्याला उन्हात पायऱ्या चढलेले. आपण त्यांच्या पिशव्यांकडे कौतुकाने किंवा थट्टेने पाहतो. परंतु त्यांच्यापैकी एखाद्याने आपल्याला थांबवून विचारले, की तुमच्या गोव्यात बुद्धाच्या काही खुणा आहेत काय, तर आपल्यापैकी किती जणांना उत्तर देता येईल?

उत्तर आहे, आणि ते आपल्याच नदीच्या काठी आहे. मोरजीच्या दक्षिणेस शापोरा नदी समुद्रास मिळते. त्याच नदीवर, वरच्या अंगास, पेडणे सोडून बारदेशात शिरताना कोलवाळ लागते. या कोलवाळच्या मुशीर वाड्यावर १९३० साली फादर हेनरी हेरास या इतिहाससंशोधकांस बुद्धाची एक पाषाणमूर्ती मिळाली. फादर हेरास हे मूळचे स्पेनचे, ख्रिस्ती धर्मगुरू. मुंबईच्या सेंट झेविअर्स महाविद्यालयात त्यांनी इतिहाससंशोधनाची संस्था काढली, आणि ती मूर्ती त्यांनी तेथे नेऊन जपली. स्पेनमधल्या एका पाद्र्याने गोव्यातल्या बुद्धाची काळजी घ्यावी, यात ज्ञानाला जातीधर्माची कुंपणे नसतात याचे सुंदर प्रत्यंतर आहे. पण आपण म्हापशाला जाताना कोलवाळच्या पुलावरून शेकडो वेळा गेलो असू. तेव्हा या मूर्तीची आठवण कितीदा झाली?

ती मूर्ती एकटी नव्हे. सिंहलद्वीपाच्या ‘महावंस’ या पाली ग्रंथात, अशोकाच्या काळी धम्मरक्खित नावाच्या स्थविरास अपरांत देशी धर्मप्रसारासाठी पाठविल्याचे नमूद आहे. अपरांत म्हणजे पश्चिम किनारा, आपला कोकण. तेथून पुढे कान्हेरी, कुडे, महाड, पन्हाळे काजी अशी लेण्यांची माळच या किनारपट्टीवर ओवली गेली. गोमंतकातही डिचोलीजवळ लामगाव, साखळीजवळ हरवळे आणि दक्षिणेस रिवण येथे डोंगर पोखरून केलेल्या गुंफा आहेत, आणि त्यांचा संबंध बौद्ध भिक्षूंच्या निवासाशी जोडला जातो. पेडणे आणि डिचोली हे शेजारचे महाल. म्हणजे आम्हा मोरजीकरांना यांपैकी दोन स्थाने सकाळी निघून संध्याकाळी घरी परतण्याच्या टप्प्यात आहेत.

तेथे काय पाहावयाचे, असा प्रश्न कुणी विचारील. अजिंठ्याची चित्रे तेथे नाहीत, वेरूळची शिल्पे नाहीत, हे खरे आहे. पण का नाहीत, हे समजून घेण्यातच अर्धे शिक्षण आहे. सह्याद्रीच्या माथ्यावरचा दगड काळा, घट्ट, एकसंध. त्यावर छिन्नीने डोळ्याची पापणीसुद्धा कोरता येते. आपला दगड तांबडा जांभा, ज्याचे चिरे काढून आपण घरे बांधतो. तो लोहाने भरलेला, सच्छिद्र. जमिनीतून काढताना मऊ आणि वारा लागला की कठीण होणारा. त्यात खोली खोदता येते, खांब सोडता येतो. पण नाजूक नक्षी टिकत नाही. म्हणून आपली लेणी साधी आहेत. हरवळ्याला डोंगराच्या कुशीत ओळीने खोदलेले कक्ष आहेत, पुढे त्याच जांभ्याचे चौकोनी खांब आहेत, आणि आत शिवलिंगे आहेत. त्यांपैकी एकावर प्राचीन ब्राह्मी लिपीत संस्कृत लेख आहे. लेण्यांचा काळ सहाव्या-सातव्या शतकाच्या आसपासचा मानतात. लामगावच्या गुंफाही पुढे शिवपूजेसाठी वापरल्या गेल्या.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हरवळ्याची लेणी मूळची बौद्ध विहार होती असे काही विद्वान मानतात. ती आरंभापासूनच शैव असावीत असे इतर काहींचे मत आहे. लोक तर त्यांना पांडवांची लेणी म्हणतात. कोणतीही जुनी, निर्माता विसरला गेलेली गुंफा दिसली की ती पांडवांनी एका रात्रीत खोदली, असे म्हणण्याची आपली रीतच आहे. ही कथा गोड आहे, पण ती विस्मृतीचे दुसरे नाव आहे. ज्यांनी उन्हातान्हात घाम गाळून तो चिरा फोडला, त्या माणसांचे श्रम या कथेत हरवून जातात. आमचे मत असे, की विद्यार्थ्याने यांपैकी कोणताही पक्ष आधीच घेऊन तेथे जाऊ नये. खांब मोजावेत, कक्षांची दारे कोणत्या दिशेला आहेत ते पाहावे, भिंतीवरच्या छिन्नीच्या खुणा न्याहाळाव्यात, आणि मग दोन्ही बाजूंचे म्हणणे वाचावे. जेथे एकेकाळी भिक्षू बसला असेल तेथे पुढे बेलाचे पान वाहिले गेले, यात कुणाचा जय किंवा पराजय शोधण्याचे कारण नाही. एका छपराखाली एकामागून एक अनेक श्रद्धा राहून गेल्या, एवढेच ते सांगते.

तथापि आजही अनेकांसाठी बुद्धाची स्थाने हा केवळ इतिहास नाही, हेही विसरून चालणार नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. तेव्हापासून दरवर्षी लक्षावधी लोक दीक्षाभूमीला जातात. त्यांतले बहुसंख्य कष्टकरी असतात. शिदोरी बांधून येतात, मोकळ्या मैदानावर रात्र काढतात, आणि परतताना पुस्तके विकत घेऊन जातात. अल्प खर्चात केलेल्या अर्थपूर्ण प्रवासाचे याहून मोठे उदाहरण आजच्या महाराष्ट्रात आम्हांस दिसत नाही. म्हणून गुंफेत शिरताना वहाणा काढाव्या लागोत वा न लागोत, आवाज मात्र खाली यावा.

आणि एकट्याने केलेल्या अशा प्रवासाचे उदाहरण पाहिजे असेल, तर ते खुद्द गोमंतकाने दिले आहे. धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १८७६ साली साखवाळ येथे झाला. घरी नारळांची बागाईत होती. शाळेचे शिक्षण बेताचेच. ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकात त्यांनी बुद्धाचे चरित्र वाचले आणि त्यांच्या मनाने एकच ध्यास घेतला, की बुद्धाचा धर्म मुळातून समजून घ्यावयाचा. १८९९ च्या अखेरीस ते घराबाहेर पडले. पुणे, ग्वाल्हेर करीत ते काशीला पोहोचले. तेथे अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. तेथून नेपाळ, बुद्धगया, कलकत्ता; पुढे सिंहलद्वीप, जेथे त्यांनी पालीचे अध्ययन केले; मग ब्रह्मदेश. गावातील मासिकाच्या एका लेखापासून निघालेला हा प्रवास पुढे अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठापर्यंत गेला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकविली, ‘भगवान बुद्ध’ हा ग्रंथ लिहिला, आणि ‘निवेदन’ या आत्मचरित्रात आपल्या भ्रमंतीचा वृत्तांत सांगितला.

हे वाचून दारिद्र्याचे गोडवे गावेत असे आम्हांस मुळीच वाटत नाही. उपास हे भूषण नव्हे. धर्मानंद घर सोडून गेले तेव्हा त्यांच्या मागे पत्नी होती, तान्ही मुलगी होती; त्या प्रवासाची किंमत त्यांनाही मोजावी लागली. विद्यार्थ्यांनी घर सोडावे असे आम्ही म्हणत नाही. सुट्टीतला एक दिवस सोडावा एवढेच म्हणतो. धर्मानंदांकडून घ्यावयाचा धडा असा, की खिसा रिकामा असला तरी प्रश्न जर भरीव असेल तर वाट सापडते. आणि प्रश्नच नसेल, तर भरलेला खिसाही माणसाला उपाहारगृहापलीकडे नेत नाही.

आता राहिला आक्षेप उन्हाचा. चैत्र-वैशाखात गोव्याचा उन्हाळा अंगाला घामाने चिकटतो. डिचोलीकडे समुद्राचा वाराही कमी पोहोचतो, आणि तांबडी जमीन तापून निघते. अशा दिवसांत कुणी लेणी पाहावयास जाते काय? आमचे उत्तर असे, की सुट्टी विद्यार्थ्याला तेव्हाच असते, आणि लेण्याचे मर्मही तेव्हाच कळते. पावसाळ्याचे तीन महिने भिक्षूंनी एका जागी राहावे असा नियम होता, म्हणून त्यांना पक्क्या निवाऱ्याची गरज होती. परंतु बाहेर ऊन रखरखत असताना त्या जांभ्याच्या कक्षात पाऊल टाकले, की जो गारवा पाठीवरून फिरतो, त्याने पुस्तकातली दहा पाने एका क्षणात समजतात. डोंगर पोखरणाऱ्याला ऊन, पाऊस आणि दगड या तिघांचाही स्वभाव ठाऊक होता.

अर्थात उन्हाशी उगाच शौर्य करू नये. पहिल्या बसने निघावे. चोपड्याचा पूल ओलांडून शिवोली, तेथून म्हापसा, म्हापशाहून डिचोली, असा मार्ग आहे. डिचोलीहून लामगाव पायी चालण्याच्या अंतरावर आहे. ते ऊन चढण्यापूर्वी पाहून घ्यावे. मग साखळीची बस धरावी आणि हरवळे गाठावे. भर दुपारी चालू नये. तो वेळ सावलीत बसून टिपणे लिहिण्यात घालवावा. लेण्यांपासून जवळच रुद्रेश्वराचे देऊळ आणि हरवळ्याचा धबधबा आहे. उन्हाळ्यात त्याची धार बारीक होते, आणि तेथील खडक निसरडे असतात, म्हणून पाण्यात उतरण्याचा मोह मोठ्या माणसांवाचून करू नये. डोक्याला टोपी किंवा पंचा, हातात छत्री, बाटलीत पाणी, डब्यात पोळी-भाजी. वाटेत मिळाले तर शहाळे, नाही तर घरून नेलेले सोलांचे सरबत. डोके दुखू लागले, भोवळ आली, तर लगेच सावलीत थांबावे आणि सोबत्याला सांगावे, लपवू नये. बसभाडे आणि दोन वेळची शिदोरी, एवढाच काय तो खर्च.

ओझ्याच्या बाबतीत तर भिक्षूंनीच आपल्याला धडा घालून दिला आहे. भिक्षूजवळ आठ वस्तू असाव्यात असे मानतात: तीन चीवरे, भिक्षापात्र, कमरपट्टा, वस्तरा, सुई, आणि पाणी गाळण्याचे फडके. एवढ्यावर त्यांनी देशोदेशीच्या वाटा तुडविल्या. पाणी गाळण्याचे फडके या यादीत आहे, याकडे आम्ही विशेष लक्ष वेधतो. पाण्यातला सूक्ष्म जीवही मरू नये ही त्यामागची दया होती. प्रवासात स्वच्छ पाणी ही पहिली गरज हे आजचा वैद्यही सांगतो. आपल्या सहलीच्या पिशवीत खाऊच्या पुड्या किती, आणि त्यांच्या रिकाम्या वेष्टनांसाठी एक पिशवी आहे काय, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

कारण आमच्या या प्रतिपादनाला एक अट आहे. पाहणाऱ्यांची संख्या वाढली की स्थानाची हानीही वाढते. जांभा मऊ आहे. त्यावर खिळ्याने नाव कोरणे ही फार सोपी गोष्ट आहे, आणि तेवढीच लाजिरवाणी. तेराशे-चौदाशे वर्षे ज्याने पाऊस सोसला, तो दगड एका मुलाच्या फावल्या क्षणाने विद्रूप होतो. हरवळ्याची लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत, हे खरे. पण संरक्षणाची पाटी दगडाला राखीत नाही, माणसे राखतात. शिवाय डिचोली हा खाणींचा मुलूख. ज्या तांबड्या डोंगराला भिक्षूंनी घर मानले, त्याच्याच पोटात लोहखनिज आहे, आणि खनिजाला गिऱ्हाईक नेहमीच असते. पोटापाण्याचा तो प्रश्न क्षुल्लक नाही. त्या भागातील कित्येक घरे त्यावर चालली. म्हणूनच डोंगराची दुसरी किंमत जाणणारेही कुणी असले पाहिजेत. ज्या लेण्याला गावचा मुलगा ओळखत नाही, त्याच्या बाजूने उद्या कोण बोलणार?

यास्तव आमच्या तीन सूचना आहेत. एक, शाळेने वर्षातून एक सहल अशी काढावी जिच्यासाठी वर्गणी ठेवूच नये. बसभाड्याची तरतूद शाळेने करावी, शिदोरी ज्याने त्याने आणावी आणि ती सर्वांनी वाटून खावी. दोन, मुशीरच्या बुद्धमूर्तीचे एक छायाचित्र आपल्या वाचनालयात लावावे, आणि त्याखाली ती कोठे, केव्हा, कुणाला मिळाली हे दोन ओळींत लिहावे. तीन, प्रत्येक सहलीचा एक वृत्तांत, खांबांच्या मोजमापांसह आणि गावातल्या वृद्धांकडून ऐकलेल्या कथांसह, या वार्षिकात छापावा. पांडवांची कथाही त्यात असू द्यावी, मात्र कथा म्हणून. दहा वर्षांत आपल्यापाशी एक असा संग्रह होईल, जो विकत घेऊ म्हटले तरी मिळणार नाही.

विद्यार्थिमित्रहो, बुद्धगया दूर आहे आणि सारनाथही दूर आहे. आपल्यापैकी काही जण पुढे तेथे जातीलच. परंतु लामगाव जवळ आहे. कोलवाळ तर इतके जवळ आहे की तेथले पाणी ओहोटीबरोबर आपल्या दारावरून समुद्रात जाते. येत्या सुट्टीत मागच्या बाकावरच्या त्या सोबत्याला घेऊन पहिली बस धरा. त्या दिवशी निघणाऱ्या छायाचित्रात कुणीही कमी असता कामा नये.